एकतिसावा दिवस

माझं काम फक्त ऐकायचं.
गोरेगावात, स्टुडिओच्या तळघरात, एसीत शाल पांघरून
कोण काय बोललं ते मिनिट-सेकंदासकट उतरवायचं.
फुटेजच्या तासाला तीनशे रुपये. चहा त्यांचा.

मालिकेचा नियम सोपा आहे :
एक माणूस, तीस दिवस, दुसऱ्या कुणाचं तरी जगणं.
पहिल्या भागात निहार डोळ्यांना पट्टी बांधून शिवडीत राहिला,
दुसऱ्यात महिनाभर पैशाला शिवला नाही.
हा तिसरा. बैंगनवाडी, दहा बाय दहा,
दिवसाला चारशे, मिळाले तर.

बारावीला समाजशास्त्रात मला एकेचाळीस मार्क होते.
स्तर, वर्ग, गतिशीलता, व्याख्या सगळ्या पाठ.
'उदाहरण द्या' आलं की पेन थांबायचं.
आता उदाहरणं कानात येतात,
आणि मी रिवाइंड करून पुन्हा ऐकते.

दिवस चौथा. गोण्या वाहून खांद्याची सालं निघालीत.
निहार रडतो, खरंच रडतो, त्यात खोट नाही.
दिवस नववा. नळावर कुणीतरी त्याचा हंडा पुढे सरकवतं.
बाई फ्रेममध्ये नाही.
मी कंसात लिहिते : बांगड्या.

दिवस सोळावा, ताप. कॅमेरा बंद,
पण कॉलरचा माइक बंद करायचं राहून गेलंय.
गाडीचं दार. डॉक्टर. सलाईन लावूया का.
'हे उतरवू नका,' असं नंतर मला कळवलं जातं,
तोवर उतरवून झालेलं असतं.

दिवस बाविसावा.
अंडी घ्यावी की रिचार्ज मारावा, यावर तो
चार मिनिटं अकरा सेकंद विचार करतो.
एवढा वेळ माझ्या आईनं कधी घेतला नाही.
तिचं उत्तर आधीच ठरलेलं असायचं
आणि अंडी त्यात नसायची.

रात्री अडीचला एक बिननावाची फाइल उघडली.
अनुसया जोंधळे. खोली त्यांची.
भाडं आगाऊ, आणि तिघांची सोय महिनाभर
चेंबूरच्या एका गेस्टहाउसात.
चावी देताना सांगतायत :
मोरी तुंबते, पाणी हळू सोडा.
माळ्यावर उंदीर आहे, एकच आहे, घाबरू नका.

मग दुसरी फाइल. परत आल्यावरची.
प्रोडक्शनचा पोरगा सह्या घेता घेता विचारतो,
कसं वाटलं तिकडे?
— चार रात्री झोप नाही लागली. इतकं गप्प.
कुणी खोकत पण नाही.
मग मुलाकडे बोट, विघ्नेश, नववं वर्ष :
— हा त्या शॉवरखाली उभाच राहिला. पाऊण तास.
— गरम पाणी कधी संपतं ते बघत होतो, तो म्हणतो.
— मग?
— नाही संपलं.
हसू. भांड्याचा आवाज. लांबून देवनारच्या गाड्या.

खोलीच्या दारं-वाऱ्यांबद्दल काही तक्रार?
नाही. फक्त चहाचा डबा जागेवर नाही,
आणि भिंतीवरचा एक खिळा कुणीतरी काढलाय,
त्यावर ह्यांचा शर्ट असायचा.

तेवढ्यात पोरानं कंपासपेटीतून काय काढलं
ते मला अंधारात आधी कळेना.
गेस्टहाउसचं कार्ड, दार उघडायचं. परत द्यायचं राहिलेलं.
स्वतःच्या खोलीच्या पत्र्याच्या दाराला, कडीच्या जरा वर,
तो ते टेकवतो,
थांबतो,
आणि तोंडानंच म्हणतो, बीप.
मग कडी काढतो.

मी लिहिलं : बीप.
कंसात काही लिहिलं नाही.

पहाटे साडेपाचला सगळं पाठवलं.
आठ वाजता उत्तर आलं, छान झालंय,
फक्त शेवटची फाइल काढून टाका,
आपला भाग तीस दिवसांचा आहे.
तेवीस मिनिटं बिलातून वजा.
एकशे पंधरा रुपये.